उजवा, डावा, पाय

"काका, तुम्हाला गाता येत न्हाई म्हणून मागं बसवलंय का?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न बेबीनंदाचा नव्हताच. प्रश्न वैजयंताचा, पैज पुष्पलताची, आणि तोंड तेवढं बेबीनंदाचं. नवीन जालन्यात गणेश मंडळापुढं औरंगाबादचा ऑर्केस्ट्रा आला होता. मध्यंतर झालं, गाणारे आणि गाणाऱ्या स्टेजमागं भजी खायला गेले, आणि वर उरला एकटा ड्रमवाला, आपल्या ढोलांच्या गराड्यात, टॉवेलनं मान पुसत. पुढं सतरंजीवर बसलेल्या नववीच्या मुलींना तो फारच केविलवाणा दिसला. केविलवाण्या माणसाला छळावंसं वाटणं हे नववीचं लक्षणच आहे, त्याला इलाज नाही.

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तूच जा की. पण बेबीनंदाला तसं म्हणणं परवडणारं नव्हतं. तिच्या वडिलांना बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून हे बिऱ्हाड भोकरदनकडच्या खेड्यातून जालन्याला आलेलं, आणि आल्यापासून वर्गात तिचं नाव "ती भोकरदनची" असंच होतं. गाव भोकरदन नव्हतंच, भोकरदनच्याही पुढं दोन ओढे ओलांडून होतं. पण एवढा भूगोल कुणाला सांगणार? वैजयंताच्या घोळक्यात तिला जागा होती, नाही असं नाही. मुली लंगडी खेळायच्या तेव्हा दप्तरं सांभाळायला कुणीतरी लागतंच. शाळेतून घरी जाताना सगळ्या रस्ताभर आडव्या रांगेत चालायच्या आणि बेबीनंदा रांगेच्या कडेला, म्हणजे जवळजवळ गटारीतून चालायची. तेव्हा पैज लागली आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, हाच तिला मोठा मान वाटला. ती उठली, फ्रॉक झटकला आणि स्टेजच्या फळीला हनुवटी टेकवून तिनं प्रश्न विचारला.

ड्रमवाल्याचं नाव देवानंद. गळ्यात साखळी, केसांना भरपूर तेल आणि स्वतःविषयी अतिशय चांगलं मत. तो चिडला नाही. त्यानं प्रश्नाचा थोडा विचार केला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "आवाज फाटका हाय माझा. पण मी थांबलो की गाणारे पण थांबतेत. वर ये."

मग त्यानं तिला शेजारी उभं केलं आणि एक गंमत दाखवली. लोकांना वाटतं, तो म्हणाला, वाजवणं म्हणजे चारही हातपाय एकदम आदळणं. आता हे ऐक. यात दोन घाव एकावेळी कधीच पडत नाहीत. हात बोलला की पाय गप, पाय बोलला की हात गप. एकामागं एक, एकामागं एक, सरळ रेघेत. याला लिनियर म्हणतात. आणि त्यानं ते वाजवलं. आठवड्यानं नळाला पाणी येताना आधी नुसती हवा फुसफुसते, मग थेंब, थेंब, आणि मग एकदम सलग धार लागते, तसं ते बेबीनंदाला वाटलं. उजवा, डावा, पाय. उजवा, डावा, पाय. उजवा, पाय. आणि पुन्हा पहिल्यापासून.

"पण हळू वाजवायचं," देवानंद म्हणाला. "इतकं हळू, की ऐकणाऱ्याला तुझी कीव आली पाह्यजे. जल्दी केली की खलास."

हे सगळं मैत्रिणींनी पाहिलं असेल म्हणून बेबीनंदा मोठ्या ऐटीत मागं वळली. सतरंजी रिकामी होती. पोरी हसू आवरेना म्हणून पळाल्या होत्या, त्या बर्फाच्या गोळ्याच्या गाडीजवळ सापडल्या. तोवर प्रश्नाचं हसून झालं होतं आणि उत्तर कुणालाच ऐकायचं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नाची बातमी वर्गभर झाली आणि बेबीनंदा चक्क रांगेच्या मधोमध चालली. रस्त्याच्या मध्यावरून जालना फार वेगळं दिसतं. रिक्षावाले हॉर्न देतात ते आपल्याला देतात. माणसाला एकदा मधोमध चालायची चटक लागली, की कडेला परत जाणं जड जातं. आणि चार दिवसांत प्रश्न शिळा होऊन आपण पुन्हा गटारीकडं सरकू लागलोय, हे लक्षात आल्यावर बेबीनंदानं चालता चालता जाहीर केलं, की गॅदरिंगला तुम्ही नाचा, ड्रम मी वाजवते. मला येतो.

वैजयंता म्हणाली, "बघू."

या "बघू"त किती जागा आहे हे मोठ्या माणसांना ठाऊक असतं. बेबीनंदाला त्यात आख्खा होकार दिसला.

आता ड्रम पाहिजे. घरी ड्रम नसतो. घरी डबे असतात. आईला, म्हणजे कौसल्याबाईंना, त्या बाजारात गेलेल्या असताना विचारून बेबीनंदानं वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, तो डाव्या हाताला. परातीला दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला टांगली, ती उजव्या हाताला. प्रश्न पायाचा होता. पायानं वाजणारी वस्तू घरात एकच, आईचं शिलाई मशीन. मशीनचा पट्टा काढून ठेवला, पायडलच्या पुढच्या कडेला नाडीनं लाटणं बांधलं आणि त्याच्यासमोर तेलाचा मोठा पत्र्याचा डबा आडवा ठेवला. पाय दाबला की लाटणं डब्यावर. धप्प. ही रचना इतकी झकास जमली, की बेबीनंदा स्वतःच मागं सरकून तिच्याकडं बघत राहिली. कुणालातरी बोलवून दाखवावं म्हणून दारापर्यंतही गेली. गल्लीत एक म्हैस होती.

काठ्यांचा घोळ वेगळाच. तुराट्या घेतल्या, त्या पहिल्या दमात मोडल्या. लिंबाच्या फांद्या वाकड्या निघाल्या. शेवटी माळ्यावर तिचा स्वतःचाच लहानपणीचा पाळणा होता, त्याचे कातीव दांडे तिनं उपसले. हाताला असे बसले, की जणू कुणी तिच्यासाठीच घडवले; आणि एका अर्थी ते खरंही होतं. पण संध्याकाळी ही गोष्ट समोरच्या सगुणाबाईंना कळली आणि त्यांनी कमरेवर हात ठेवून कौसल्याबाईंना विचारलं, की पोरीनं लग्नाआधी पाळणा मोडला, हा कसला शकुन म्हणायचा? कौसल्याबाईंनी शकुनाचं बघू म्हटलं, आधी माझ्या मशीनचा पट्टा कुठंय ते शोधू द्या. दसऱ्याचे ब्लाउज अर्धवट पडलेले होते. तेव्हा घरात असा करार झाला, की दिवसा मशीन आईचं, आणि शाळेआधीची सकाळ व रविवार बेबीनंदाचा.

करार झाला आणि एकटेपणा सुरू झाला. तालीम म्हणजे काय असतं हे ज्यांनी केली नाही त्यांना वाटतं, की ते वाजवणंच आहे. ते वाजवणं नाही. ते चुकणं आहे. उजवा, डावा, पाय, इथवर सगळं ठीक; मग पुन्हा उजवा, डावा, आणि पायाला वाटायचं, आपल्याला कुणी विसरलं तर? तो हाताबरोबरच पडायचा. ठण्ण आणि धप्प एकदम. दोन घाव एकावेळी पडले, की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. आपल्या पायाला सोबतीची एवढी हौस आहे हे बेबीनंदाला तोवर माहीत नव्हतं. ती त्याला समजावायची, गप बस, तुझी पाळी येईल. शिकवणारा देवानंद औरंगाबादला, तोही आता कुठल्या गावी कुणाच्या मागं बसला असेल देव जाणे. बरोबर का चूक सांगायला कुणी नाही. वडील, रामकिसनअण्णा, पेपरमागून "चालू दे" म्हणायचे, पण ते रेडिओ बिघडला तरी "चालू दे"च म्हणायचे. एकदा तिनं शाळेच्या वाटेवर वैजयंताला म्हटलं, अगं, आज पाय बराच वेळ गप राहिला. वैजयंतानं तिच्याकडं असं पाहिलं, की बेबीनंदानं लगेच विषय बदलून गणिताचा काढला.

तरी पोरगी हटली नाही. हळू वाजव म्हणाला ना, तर हळू. आणि अधिक हळू. आणि इथंच, या नेमक्या हळूपणानं घात केला.

बेबीनंदाच्या घराला भिंत लागून अप्पाराव राहायचे, तहसीलमध्ये बाबू. त्यांचे वडील तातेराव आबा उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी "आता घरीच सेवा करा" म्हटलेलं, आणि या वाक्याचा अर्थ कॉलनीत सगळ्यांना कळत होता. आबांची शेवटची इच्छा मटण खायची होती, आणि ती दर रविवारी शेवटची असायची. कॉलनीतली माणसं सगळी अशीच कुठून कुठून आलेली, कुणी जाफराबादचं, कुणी अंबडचं. नोकरी जालन्यात, पण कान अजून गावातच. आणि गावात मयत निघालं, की पुढं हलगी वाजते ती नेहमीसारखी नाही वाजत. एक घाव. मग थांबा. मग दुसरा. तो आवाज एकदा ऐकला, की माणूस हातातलं काम ठेवून उभा राहतो.

त्या रविवारी सकाळी सगुणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. समोर अप्पारावांच्या घराच्या बाजूनं आलं: टक्क. मग बराच वेळ काही नाही. मग धप्प. सगुणाबाईंचा हात थांबला. पुन्हा टक्क, पुन्हा धप्प. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, सुटला बिचारा.

पुढचं सगळं रीतीनं झालं, आणि रीत आपल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही. घटकाभरात अप्पारावांच्या दारापुढं गल्ली भरली. पायजम्यावर टोप्या घातलेले बापे हात मागं बांधून उभे राहिले आणि खालच्या आवाजात कापसाच्या भावावर बोलू लागले. कुणी बांबू आणले. कुणी मडकं आणायला गेलं. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी.वाल्या मच्छिंद्रनं आपणहून भोकरदनला अप्पारावांच्या भावकीत फोन लावला, आणि पैसे घेतले नाहीत, हे त्या बूथच्या इतिहासात पुन्हा घडलं नाही. आत जाऊन बघावं असं मात्र कुणालाच सुचलं नाही. अप्पारावांची बायको माहेरी गेलेली, आणि आबांचा मुलगा आल्याशिवाय उंबरा कसा ओलांडायचा? अप्पाराव बाजारात गेले होते. सगळे वाट बघत राहिले, आणि भिंतीपलीकडून टक्क, धप्प चालूच होतं. कुणीतरी म्हणालं, हलगीवाला कुणी सांगितला एवढ्या जल्दी? दुसरा म्हणाला, चांगला हाय पण, घाई न्हाई त्याला.

अप्पाराव लुनावर आले. हँडलला मटणाची पिशवी. गर्दी बघून त्यांची लुना आपोआप थांबली. एक जण पुढं झाला, पिशवी अलगद काढून घेतली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पाराव खाली बसले आणि त्यांनी असा हंबरडा फोडला, की सबंध गल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोण गेलं रे?" आतून आवाज आला.

भिंतीला धरत धरत तातेराव आबा दारात आले. बांबू बघितले, टोप्या बघितल्या, रस्त्यात बसून रडणारा मुलगा बघितला. गल्ली गप झाली. आणि त्या शांततेत, आता अगदी स्पष्ट, ऐकू आलं: ठण्ण. टक्क. धप्प.

सगळी गल्ली बेबीनंदाच्या दाराकडं वळली.

बेबीनंदा डोळे मिटून वाजवत होती. त्या सकाळी पाय पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागत होता. तिनं डोळे उघडले तेव्हा दारात, खिडकीत, दाराच्या वरच्या झरोक्यातसुद्धा माणसं होती, सगळी टोपी घालून, गंभीर, टक लावून बघणारी. आणि एक क्षणभर, एकच क्षणभर, तिला वाटलं, लोक ऐकायला आलेत. ती स्टुलावर ताठ बसली आणि तिनं कपाळावरची बट मागं सारली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं. दुपारी भोकरदनहून जीप भरून भावकी आली. बाया गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून आल्या, आणि आबा ओट्यावर खुर्ची टाकून त्यांच्या रडण्याची नीट पारख करत बसले. कोण मनापासून रडलं, कोण नुसतं नाक ओढत होतं, हे पुढं ते कित्येक दिवस सांगत होते. आलेल्यांना उपाशी पाठवता येईना, मटण पुरेना, मग भाकरी बडवल्या कौसल्याबाईंनी, प्रायश्चित्त म्हणून. बेबीनंदानं पाणी वाढलं. जो तो तिच्याकडं बघून मान हलवत होता. फक्त आबांनी तिला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, पुढल्या रव्वारी परत वाजव. आमचा भाचा कडूबा आला न्हाई. त्याला फोन बराबर लागला नसंल."

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली आणि सल्ले सुरू झाले. सगुणाबाईंचं म्हणणं, पोरीला पेटी शिकवा, पेटीनं कुणी मरत नाही. कुणी म्हणालं, बुलबुलतरंग. अप्पाराव सकाळचे रडल्यामुळं अजून रागावलेले होते. ते रामकिसनअण्णांना म्हणाले, "आपण काय वाजवणारी माणसं हौत का? आपण वाजवून घेणारी माणसं." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बेबीनंदा दाराआड उभी होती. तिला विचारावंसं वाटलं, की वाजवून घ्यायला आवडतं तर वाजवायची लाज कसली? पण एका दिवसात एका पोरीनं किती बोलावं यालाही मर्यादा असते, आणि ती सकाळीच न बोलता ओलांडून झाली होती. सोमवारी अण्णांच्या ऑफिसात दोन माणसं, अण्णांच्याच घरचं कुणी गेलं समजून, त्यांना हळहळ सांगून गेली. अण्णांनी ती घेतली. नाही कसं म्हणायचं?

वर्गात ही गोष्ट जायला वेळ लागला नाही. पण प्रश्न विचारणारी बेबी आणि मयत काढणारी बेबी यांत फरक असतो. पहिलीच्या बाजूनं लोक चालतात. दुसरीकडं बघून हसतात आणि थोडं अंतर ठेवतात. ती रांगेत कडेला आली, मग रांगेच्या मागं. गॅदरिंग मात्र अजून शिल्लक होतं. वैजयंताचं "बघू" अजून शिल्लक होतं. एकदा त्या पोरी माझ्या तालावर नाचल्या, बेबीनंदा स्वतःला सांगायची, की सगळं सरळ होईल.

म्हणून तिनं शाळेच्या ड्रमसाठी अर्ज केला. शाळेत कवायतीचा मोठा ढोल होता, खोलीत कुलूपबंद. कवायतीचे सर म्हणाले, तो सव्वीस जानेवारीचा ढोल आहे, गॅदरिंगचा नाही. ती म्हणाली, सर, ढोल तोच असतो. सर म्हणाले, ढोल तोच असतो पण रजिस्टर वेगळं असतं. मग कळलं, किल्ली ज्या बाईंकडं आहे त्या मतदार यादीच्या कामावर गेल्यात. शिपाई म्हणाला, बाई आल्या तरी किल्ली त्यांच्या घरी, आणि घर परतूरला. शेवटी मुख्याध्यापकांपुढं प्रश्न आला, की हा कार्यक्रम घालायचा कुठं. गायनात बसेना, नृत्यात बसेना. वाद्यवादनात फक्त पेटी, तबला आणि बासरी. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हातानंच करते ना? मग हस्तकलेत टाका. बेबीनंदानं नम्रपणे सांगितलं, की यात पायही लागतो. सर म्हणाले, मग पाय जरा कमी वापर. असं तिचं नाव रांगोळी आणि कागदी फुलांच्या मधोमध लागलं.

ढोल मिळाला नाही, तेव्हा गॅदरिंगच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालमीला ती घरचे दोन डबे, परात आणि पाळण्याचे दांडे पोत्यात घालून घेऊन गेली. पायासाठी लाकडी पेटी घेतली आणि तिच्यावर टाच मारायचं ठरवलं. वैजयंता, पुष्पलता आणि बाकीच्या पोरी ओढण्या खोचून तयार उभ्या राहिल्या. बेबीनंदानं सुरू केलं. उजवा, डावा, पाय. उजवा, डावा, पाय. उजवा, पाय. एकही घाव चुकला नाही. इतक्या महिन्यांनी ते खरोखर धारेसारखं वाहत होतं.

पोरी उभ्याच राहिल्या. पुष्पलतानं पाय उचलला आणि कुठं टेकवावा म्हणून तसाच वर धरला. दोघी एकमेकींवर आदळल्या. पोरींना एक ठोका हवा होता, हातपाय एकदम पडणारा, दणदणीत, ज्याच्यावर पाय आपटता येईल. आणि ह्यात तो कधीच येत नव्हता. येऊ नये म्हणून तर तिनं एवढा जीव काढला होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणी पाय उचललाच नाही.

वैजयंता जवळ आली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्याला उत्तर देता येतं. पण ती अगदी मायेनं बोलली. "छान हाय गं बेबी, खरंच. पण आम्हाला कळून न्हाई राह्यलं. आम्ही कॅसेटच लावतो ना मंग. तू पडदा ओढशील? आमच्यासोबतच राहशील तू."

बेबीनंदा हो म्हणाली. हो म्हणायला काही लागत नाही, मान खाली केली की होतं. कॅसेट लागली, धडाम धडाम सुरू झालं, आणि सगळ्यांचे पाय एकदम पडले. ती दोरी धरून बाजूला उभी राहिली. दोरीजवळून नाच दिसत नाही, फक्त पोरींच्या सावल्या पलीकडच्या भिंतीवर दिसतात, आणि त्या सावल्यांत तिची नव्हती.

तालीम संपली, पोरी हसत गेल्या. जाताना वैजयंतानं ओरडून विचारलंही, येतेस का? पण कुणी थांबलं नाही. हॉलमध्ये शिपाई खुर्च्या लावत होता, तोही चहाला गेला. बेबीनंदानं डबे पोत्यात भरायला घेतले आणि भरता भरता सहज एक घाव मारला. मग दुसरा. मग ती खाली बसलीच. हळू नाही, जल्दी नाही. हाताला आणि पायाला जसं वाटेल तसं. हात बोलत होता आणि पाय ऐकत होता. पायाला आता कुणाबरोबर पडायची घाई नव्हती. आपली जागा त्याला ठाऊक झाली होती, आणि ती दोन घावांच्या मधली होती, रिकामी, त्याचीच. रिकाम्या हॉलमध्ये आवाज छपरापर्यंत जाऊन परत येत होता. ती किती वेळ वाजवत होती तिला कळलं नाही. थांबली तेव्हा हॉल एकदम मोठा वाटला.

हे कुणालातरी सांगावं, असं तिला इतकं वाटलं, की ती दोन्ही दांडे हातात घेऊन उभी राहिली. कोण होतं सांगायला? वैजयंताला सांगितलं तर ती मायेनं ऐकेल, आणि तेच नको होतं. अशी गोष्ट आपल्याला येते, जी आपल्याशिवाय जालन्यात कुणालाच येत नसेल, याचा आनंद म्हणायचा की दुसरं काही, हे तिला ठरवता येईना. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, दोन्ही एकदम. ते नियमात बसत नव्हतं. तिनं नाक पुसलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि घरी निघाली. रस्ता मोकळाच होता, तरी ती सवयीनं कडेनं चालत होती. पाण्याच्या टाकीपर्यंत आल्यावर हे तिच्या लक्षात आलं आणि ती मधे आली. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं त्याला थोडा वेळ देऊ दिला.

घरी कौसल्याबाई मशीनवर वाकलेल्या होत्या, संक्रांतीच्या शेवटच्या ब्लाउजची बाही लावत होत्या. अण्णा पेपर वाचत होते, सकाळचाच. भिंतीपलीकडं आबा कुणालातरी आपल्या मयताचं वर्णन सांगत होते. बेबीनंदानं पोतं खाली ठेवलं, डबे एकमेकांवर आदळले आणि दोघांनी एकदम वर पाहिलं. आईनं विचारलं, झाली तालीम? नाचल्या का पोरी?

"न्हाई नाचल्या," बेबीनंदा म्हणाली. "मी त्यांच्यात न्हाई उद्या. पडदा पण न्हाई ओढणार, तसं सकाळी वैजयंताला जाऊन सांगणार हाय. माझं नाव हस्तकलेत लागलेलं हाय ते हाय, तिथंच मी एकटी वाजवणार. पेटीवर टाच मारून मजा येत न्हाई, म्हणून मशीन लागंल, आई. अण्णा, सकाळी हातगाडा सांगून या." ती दम घ्यायला थांबली. अण्णा "चालू दे" म्हणायला तोंड उघडत होते, पण तिचं अजून संपलं नव्हतं. "आणि तुम्ही दोघं या. तुम्हाला बी कळणार न्हाई, मला माहीत हाय. तरी यायचं, आन् मंधी उठायचं न्हाई."